ग्रेट बेडविन – क्रॉफ्टन – विल्टन: कालव्याकाठची गोल चक्कर

चालत_राहा

गाडी नाही, आगगाडीने जाऊन दिवसभरात चालून परत येण्याजोगं काही आहे का, हा प्रश्न इथे दर उन्हाळ्यात येतो. त्याचं माझं ठरलेलं उत्तर एकदाचं सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक चिकटवता येईल.

इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या पूर्व टोकाला ग्रेट बेडविन नावाचं गाव आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेडिंग-न्यूबरी करत येणाऱ्या थांब्याथांब्याच्या गाड्या इथे संपतात. काही थेट येतात, काहींना न्यूबरीला बदलावं लागतं. स्टेशनला नुसतं 'बेडविन' म्हणतात. उतरून दोन मिनिटांत केनेट अँड एव्हन कालवा लागतो. तिथून टोपाथ धरून नैर्ऋत्येला क्रॉफ्टन, क्रॉफ्टनच्या तळ्याच्या कडेने दक्षिणेला विल्टन गाव, गावामागच्या टेकाडावर पवनचक्की, आणि मग शेतं व बेडविन ब्रेल नावाच्या रानातून उत्तरेला परत बेडविन. नऊ किलोमीटरच्या आसपास भरतं. नुसतं चालायचं तर अडीच-तीन तास, पण नुसतं चालून आलात तर गेलातच कशाला?

टोपाथ म्हणजे नावा ओढणाऱ्या घोड्यांची वाट. घोडे गेले, वाट राहिली. गाव सोडताना उजव्या हाताला रेल्वे, मध्ये कालवा आणि डावीकडे कुरणं, असे तिघे बराच वेळ सोबत चालतात. सेंट मेरी चर्चजवळ पहिलं लॉक (नावेला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारं, दोन्ही टोकांना दारं असलेलं कुंड) लागतं, आणि पुढे क्रॉफ्टनची नऊ लॉकं एकामागून एक. या नऊ पायऱ्यांत कालवा ६१ फूट चढतो. नाव आत आली असेल तर थांबाच. पांढऱ्या टोकाच्या त्या लांब तुळईला पाठ लावून दार ढकलायचं असतं. नाववाल्याला विचारलंत तर तो आनंदाने ढकलू देतो. सुरुवातीला दार हलतच नाही. दोन्ही बाजूंचं पाणी समपातळीत आलं, की ज्या दाराला चौघांनी जोर लावून उपयोग नव्हता ते एका माणसाच्या पाठीने गुमान उघडतं. लहान मुलांना हे दाखवावं, बाकी भौतिकशास्त्र शाळेत शिकतीलच.

आता मुद्दा. या फेरीवर तीन गोष्टी बघायच्या आहेत: क्रॉफ्टनचं पंपघर, विल्टन वॉटर हे तळं आणि विल्टनची पवनचक्की. माहितीपत्रकांत त्या तीन वेगवेगळी 'आकर्षणं' म्हणून येतात. माझं म्हणणं असं, की ती एकाच भानगडीची तीन टोकं आहेत. कालव्याचा सगळ्यात उंच भाग क्रॉफ्टनच्या पुढे, आणि नेमकं तिथेच पाणी नाही. बाकी सगळं या एका अडचणीतून निघालं. म्हणून ही फेरी घड्याळाच्या उलट दिशेनेच करा. आधी कालवा, मग पंप, मग तळं, शेवटी पवनचक्की. उलट केलीत तरी पाय तेवढेच दुखतील, पण गोष्ट शेवटाकडून ऐकल्यासारखं होईल.

पंपघराचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, बस आली.

ढगोबा

बसस्टॉपवर बसून धागे काढणाऱ्यांना मानलं. वाचनखूण साठवली. फोटो??

वाटसरू७७

छान लिहिलंय, पण खरं सांगू का? राजगड-तोरणा केलेल्या माणसाला कालव्याकाठी नऊ किलोमीटर सपाट चालायला सांगणं म्हणजे अन्याय आहे. त्यापेक्षा लेक डिस्ट्रिक्टला जा, नाहीतर स्नोडनला. कालवे सगळे सारखेच. पाणी, बदकं, आणि आपल्याकडे बघून 'मॉर्निंग' म्हणणारे कुत्रेवाले.

मृण्मयी_स

आम्ही स्विंडनला असतो, गाडीने जवळ आहे. मुलगी सहा वर्षांची आणि धाकटा बाबागाडीत. जमेल का? आणि त्या पंपघरात मुलांना घेऊन जाता येतं ना?

चालत_राहा

मृण्मयी, बाबागाडी विसरा. टोपाथवर कोरड्या दिवसांत एक वेळ चालेल, पण विल्टनच्या पुढे फाटकं आणि चिखल आहे. त्यातली काही किसिंग गेट आहेत, म्हणजे एका वेळी एकच माणूस वळून जाईल अशी, त्यातून बाबागाडी उचलूनच न्यावी लागते. पाठीवरच्या पिशवीत बाळ घेतलंत तर सगळं जमेल. सहा वर्षांच्या मुलीला वाटेत खाऊ मिळत राहिला तर ती तुमच्या पुढे चालेल. नाहीतर गाडी थेट क्रॉफ्टनला लावून पंपघर आणि तळं एवढंच करा. पंपघरात मुलं नेता येतात. जिने अरुंद आहेत, हात सोडू नका.

वाटसरू, सपाट आहे हे मान्य. पण कालवे सगळे सारखेच हे अमान्य. थांबा जरा.

तर पंपघर. टोपाथ सोडून लॉकच्या दारावरूनच पलीकडे जायचं, मग रेल्वेखालच्या ठेंगण्या बोगद्यातून वर. समोर विटांची इमारत आणि उंच धुराडं. आत दोन वाफेची इंजिनं आहेत. एक बोल्टन अँड वॉट या कंपनीचं, १८१२ सालचं. दुसरं १८४६ चं. १८१२ चं इंजिन ज्या जागेवर बसवलं त्याच जागेवर, ज्या कामासाठी बसवलं ते काम आजही करू शकतं, आणि असं जगातलं सगळ्यात जुनं चालू बीम इंजिन (वर-खाली झुलणाऱ्या तुळईचं इंजिन) हेच. रोजचं काम आता विजेचे पंप करतात. वाफ फक्त ठरावीक शनिवार-रविवारी चढवतात, तेव्हा तारखा बघूनच जा. थंड इंजिन बघण्यात आणि चालू इंजिन बघण्यात फार फरक आहे.

चालू असताना मला वाटलं होतं कानठळ्या बसतील. तसं काही नाही. खाली भट्टीत स्वयंसेवक फावड्याने कोळसा टाकत असतात, तिथे धग आणि आवाज. वर तुळईच्या मजल्यावर गेलं की जवळजवळ शांत. ती अजस्र ओतीव लोखंडाची तुळई तुमच्या डोळ्यांसमोर खाली येते, क्षणभर थबकते, आणि परत वर जाते. झडपांची टकटक, वाफेचा एक सुस्कारा, गरम तेलाचा वास. पायाखालचा मजला अगदी हलकासा दबतो असं वाटतं. मागच्या बाजूला बाहेर येऊन बघितलं तर दर ठोक्याला पाटात पाण्याचा एक लोंढा उसळून पुढे सरकतो. हा पाट सुमारे मैलभर लांब आहे आणि वरच्या टप्प्यात कालव्याला मिळतो.

नीरेकाठचा

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलगा ब्रिस्टॉलला असतो, त्याच्याकडे आलो की असे धागे वाचतो. एक शंका. आमचा नीरा डावा कालवा ब्रिटिशांनीच काढलेला, पण त्याला उतार आहे. उतार आहे म्हणून पाणी इंदापूरपर्यंत पोचतं, तेही टेलच्या लोकांना विचाराल तर पोचतच नाही. ते असो. इथल्या कालव्याला उतार किती धरलाय? आणि पाणी चढवायची वेळच का आली? कालवा मुळात पाण्याच्या खालून काढायचा असतो.

बिनपाण्याचा_मासा

काका, उतार शून्य. इथेच आपली गल्लत होते, कारण आपल्या डोक्यात कालवा म्हणजे आवर्तन, चारी आणि पाटकरी. हा शेतीचा कालवाच नाही, हा मालवाहतुकीचा रस्ता आहे. दोन लॉकांच्या मधलं पाणी स्थिर असतं. वाहत गेलं तर उलट नुकसान.

पण स्थिर असूनही ते संपतं. हिशेब असा. नाव चढाच्या टोकाला पोचली की पलीकडे उतरते. चढताना वरच्या टप्प्यातून एक लॉकभर पाणी खाली गेलं, उतरताना दुसऱ्या बाजूला आणखी एक लॉकभर. म्हणजे माथा ओलांडणारी प्रत्येक नाव दोन लॉकांचं पाणी पिऊन जाते. या कालव्याची लॉकं रुंद आहेत, चौदा फुटी नावांसाठी बांधलेली. आजच्या सात फुटी नॅरोबोटी त्यात दोन शेजारी शेजारी मावतात. एका लॉकला दोन लाख लिटरच्या वर पाणी लागतं.

आता पंपाकडे या. ते जुनं इंजिन एका ठोक्याला साधारण टनभर पाणी चाळीस फूट उचलतं आणि मिनिटाला अकराएक ठोके देतं. म्हणजे एक लॉक भरून काढायला वीस मिनिटं. एका नावेमागे पाऊण तासाच्या आसपास कोळसा जाळायचा. गर्दीच्या दिवशी भट्टी विझत नसणार.

चालत_राहा, तुळई 'थबकते' ते का हेही सांगा की. सिलिंडरमध्ये वाफ येते, पण वॉटची खरी करामत वाफ कोंडण्यात नाही, ती वेगळ्या भांड्यात थंड करण्यात आहे. वाफेचं पाणी झालं की तिथे निर्वात होतं आणि दट्ट्या खाली ओढला जातो. दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा वर. सिलिंडर स्वतः गरमच राहतो, म्हणून कोळसा वाचतो. ती क्षणभराची थबक म्हणजे झडपांची अदलाबदल.

नीरेकाठचा

म्हणजे ही उपसा योजनाच की! आमच्याकडे उपसा योजना वीजबिलात अडकतात, यांची कोळशाच्या बिलात अडकली असेल. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. माथ्याला पाणी नाही हे सर्व्हेत दिसलं असणारच. मग तिथून कालवा नेलाच का?

हुच्च_भटक्या

काका, प्रश्न अगदी मर्मावर. सर्व्हेत दिसलं होतं.

कालव्याचा अभियंता जॉन रेनी. त्याच्या मूळ आराखड्यात माथा खाली होता आणि त्यासाठी डोंगराखालून दोन मैलांहून लांब बोगदा काढायचा होता. तेवढ्या खाली गेलं असतं तर झऱ्यांचं पाणी आपसूक आलं असतं. मग कंपनीने विल्यम जेसपला दुसरं मत विचारलं. तो म्हणाला, बोगदा टाळा, माथा वर घ्या, वेळ आणि पैसा वाचवा, आणि पाणी पंपाने चढवा. कंपनीला हे पटलं. संसदेचा कायदा १७९४ चा, पूर्ण कालवा १८१० मध्ये खुला झाला. बांधकामाचा खर्च एकदा वाचला आणि चालवण्याचा खर्च कायमचा गळ्यात पडला. आज सव्वादोनशे वर्षं होत आली, पंप चालूच आहेत.

गंमत म्हणजे बोगदा टाळूनही टळला नाही. माथ्यावर नुसती खोल चर खणून काम भागणार होतं, पण जमीन अर्ल ऑफ आयल्सबरीची. त्यांना आपल्या इस्टेटीतून एवढी मोठी चर नको होती. म्हणून ५०२ यार्डांचा बोगदा काढावा लागला, आणि वर त्याला त्यांच्याच घराण्याचं नाव दिलं: ब्रूस टनेल. आत टोपाथ नाही. भिंतीला साखळी होती, ती हाताने ओढत नाव पुढे न्यायची आणि घोडे वरून चालत जायचे. क्रॉफ्टनहून आणखी थोडं पुढे गेलात तर बोगद्याचं तोंड बघता येतं, फेरी मात्र लांबते.

वाटसरू७७

जमीनदारासाठी रस्ता वळवायचा आणि वर कोनशिला त्याचीच. काही गोष्टी सगळीकडे सारख्या.

(बरं, वाचतोय. पण चढ नाहीये हे मी सोडणार नाही.)

सांजवेळ

विल्टनला गाडीने जाणाऱ्यांसाठी सूचना. नेव्हिगेशनला नुसतं 'विल्टन' टाकू नका. ते तुम्हाला सॉल्सबरीजवळच्या विल्टनला नेईल, गालिच्यांसाठी आणि विल्टन हाउससाठी प्रसिद्ध आहे ते. तेही विल्टशायरमध्येच, म्हणून संशयही येत नाही. 'विल्टन विंडमिल' असं पूर्ण टाका.

आणि पवनचक्कीवर पीठ मिळतं तेव्हा घेऊन या! दगडी जात्याचं, कोंड्यासकट. त्याच्या पोळ्या मात्र मनासारख्या होत नाहीत, आपल्या गव्हासारखा तार धरत नाही, लाटताना कडा चिरतात. मी दूध आणि थोडा गूळ घालून दशम्या केल्या, त्या अप्रतिम झाल्या. दोन दिवस मऊ राहतात, म्हणजे पुढच्या चालीला डब्यात त्याच.

ढगोबा

आता खरा धागा सुरू झाला. दशमीबरोबर काय? शेंगदाण्याची चटणी की लसणाची?

सांजवेळ

ढगोबा, दोन्ही. आणि चालायला या आधी, मग चटणीचं बोलू.

मृण्मयी_स

पण पवनचक्कीचा कालव्याशी काय संबंध? धाग्यात वर 'एकाच भानगडीची तीन टोकं' म्हटलंय, त्यातलं हे टोक अजून लटकतंय.

चालत_राहा

बरोबर पकडलंत.

खोऱ्यातलं पाणी कालव्याला लागलं. त्या झऱ्यांवर आणि ओढ्यांवर आधी पाणचक्क्या चालायच्या, गावोगावचं धान्य तिथे दळलं जायचं. पाणी कालव्याकडे वळल्यावर पाणचक्क्या बसल्या. मग दळण कुठे न्यायचं? म्हणून १८२१ मध्ये विल्टनच्या मागच्या टेकाडावर वाऱ्यावर चालणारी गिरणी उभी राहिली. विटांचा पाच मजली बुरूज. म्हणजे कालवा झाल्यावर अकरा वर्षांनी. विसाव्या शतकात विसाच्या दशकात ती बंद पडली, पडझड झाली आणि १९७६ मध्ये दुरुस्त होऊन परत फिरू लागली.

आणि ज्या तळ्याच्या कडेने आपण विल्टनला जातो ते विल्टन वॉटर पण निसर्गाची कृपा नव्हे. पंपाला हुकमी पाणी मिळावं म्हणून १८३६ मध्ये झऱ्यांचं पाणी अडवून ते केलं. आज तिथे हंस, कूट, टफ्टेड डक, नशीब असेल तर मोठी तुरेवाली ग्रीब दिसते. लोक दुर्बिणी लावून बसतात आणि ते 'नैसर्गिक सौंदर्य' म्हणून बघतात. बघोत बापडे. मला ते सौंदर्य कमी वाटत नाही, पण ती पंपाची टाकी आहे हे ठाऊक असलं की पक्षी आणखी हुशार वाटतात, फुकटात जागा मिळवल्याबद्दल.

पवनचक्कीच्या पायथ्याशी उभं राहून मागे बघा. ज्या खोऱ्यातून आलात ते सगळं खाली दिसतं. वाटसरू, तुमचा चढ तो हाच. छोटा आहे, पण आहे.

वाटसरू७७

नोंद घेतली. चढ: एक. छोटा.

नीरेकाठचा

हे फार आवडलं. धरण-कालवा झाला की खालच्या बाजूला कोणाचं काय बुडालं हे आम्ही फायलीत 'बाधित' म्हणून एका रकान्यात लिहीत असू. पाणचक्कीवाल्यांना भरपाई मिळाली होती का, हे कोणी वाचलं असेल तर लिहा.

बिनपाण्याचा_मासा

काका, त्या काळी कालव्याच्या कायद्यांत चक्कीवाल्यांचं पाणी हा कायमचा वादाचा विषय असायचा. अभियंत्यांपेक्षा त्यांचे वकील जास्त दमत. या विशिष्ट चक्क्यांचं कागदपत्र बघायला मिळालं तर वेगळा धागा काढतो.

अवांतर: मला इथली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ते धुराडं. १९५८ मध्ये धोकादायक झालं म्हणून त्याचा वरचा छत्तीस फूट भाग उतरवला. आता भट्टीला ओढ मिळते ती धुराड्याच्या उंचीमुळे. उंची गेली, ओढ गेली, वाफ गेली. दीडशे वर्षं झिजूनही जे इंजिन थांबलं नाही ते विटांमुळे थांबलं. मग १९६८ मध्ये कालव्याच्या ट्रस्टने दोन्ही इंजिनांसकट ते पंपघर विकत घेतलं, ७५ पौंडांना! १९७० मध्ये वाफ परत चढली. धुराडं पूर्ण उंचीचं व्हायला मात्र नव्वदचं दशक उजाडलं.

ढगोबा

७५ पौंड. आज तेवढ्यात चौघांचं पॅडिंग्टन-बेडविन जाऊन-येऊन होईल की नाही शंका आहे.

सांजवेळ

ग्रुपसेव्ह बघा, तिघे किंवा जास्त असलात तर बरंच स्वस्त पडतं. आणि सकाळच्या गर्दीच्या वेळा टाळा.

हुच्च_भटक्या

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर. कालव्याला रेल्वेनेच मारलं. लंडन-ब्रिस्टॉल रेल्वे १८४१ मध्ये पूर्ण झाली आणि मालाने वाट बदलली. १८५२ मध्ये ती चालवणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने कालवाच विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याने विकत घेतलेल्या धंद्याचं जे होतं ते झालं. विसाव्या शतकाच्या मध्यावर लांबलांबचे टप्पे कोरडे, लॉकांत झुडपं. लोकांनी समित्या केल्या, फावडी घेतली, आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये राणीने कालवा परत खुला केला. रेडिंग ते ब्रिस्टॉल ८७ मैल. आज टोपाथवर चालताना जे मखमली वाटतं ते चाळीस वर्षांच्या चिखलातून निघालेलं आहे.

आणखी एक. वाटेत कुठे कुठे काँक्रीट-विटांची ठेंगणी, फटी असलेली खोपटी दिसतात. ती १९४० ची पिलबॉक्सं आहेत, म्हणजे आतून गोळ्या झाडायची सैनिकी ठाणी. जर्मन सैन्य दक्षिणेकडून उतरलंच तर त्याला अडवायची रेषा या कालव्यावरून आखली होती, कारण रणगाड्यांना आडवा आयता खंदक तयारच होता. कालवा कंपनीच्या भागधारकांच्या स्वप्नातही नसेल.

सेंट मेरी चर्चमध्ये डोकवा. सर जॉन सीमोर यांची समाधी आहे. आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर, तिचे वडील. घराणं इथल्याच वुल्फहॉलचं. जेनचा भाऊ एडवर्ड पुढे बालराजाचा पालक झाला, सत्ता हातात आली तशी बेडविन ब्रेलवर मोठा वाडा बांधायला काढला आणि १५५२ मध्ये त्याचं डोकंच उडवलं. वाडा अर्धवटच राहिला. परतीच्या वाटेवरचं ते रान म्हणजे तेच ब्रेल.

हे एवढंसं गाव १८३२ पर्यंत दोन खासदार पाठवत असे. मतदार मूठभर, सौदा उघड. सुधारणा कायद्याने ती चंगळ बंद केली.

मृण्मयी_स

इतिहास भारी. पण मला आईच्या काळज्या आहेत. शेतातून जाताना गायी असतात का? मागे एकदा दुसरीकडे चाळीसेक गायी कुतूहलाने मागे लागल्या होत्या, मुलीने अजून धसका घेतलाय. आणि वाट नांगरलेली असली तर?

सांजवेळ

मृण्मयीताई, तरुण कालवडी-गोऱ्हे कुतूहलानेच येतात. पळायचं नाही, दोन्ही हात पसरून शांतपणे चालत राहायचं. वासरं असलेल्या गायींपासून मात्र लांबून जा, मधून तर मुळीच नाही. कुत्रा बरोबर असेल आणि गाय अंगावर आलीच तर दोरी सोडा. कुत्रा पळतो, गाय त्याच्या मागे जाते, आपण वाचतो.

चालत_राहा

आणि नांगरटीचं: सार्वजनिक पायवाट शेतातून आडवी जात असली तर शेतकरी नांगरू शकतो, पण पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत वाट परत दिसेल अशी करून द्यावी लागते, किमान एक मीटर रुंद. पीक उभं असलं तरी वाट मोकळी ठेवायची जबाबदारी त्याची. म्हणून हिरव्या गव्हाच्या मधोमध ती सरळ रेघ दिसते. तिच्यावरून बिनधास्त चाला, तुम्ही कोणाच्या शेतात घुसलेले नाही, तो रस्ताच आहे. उलट पीक वाचवायला कडेने गेलात तर तिथे तुमचा हक्क नाही. आपल्या मनाला हे पटायला वेळ लागतो. उभ्या पिकात पाय ठेवायचा नाही असं लहानपणापासून ऐकलेलं असतं ना!

पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोड्यांच्याही वाटेचा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या पंचवीस हजारी एक्स्प्लोरर नकाशावर त्या हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात. ब्रेलच्या रानात वाटांना फाटे आहेत आणि मोबाइलची रेंज मधेच दगा देते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

नीरेकाठचा

वहिवाटीचा रस्ता बांधावरून नव्हे, शेताच्या मधून, आणि तो शेतकऱ्यानेच आखून द्यायचा! आमच्या तालुक्यात निम्मे दावे बंद पडले असते. किंवा दुप्पट झाले असते.

वाटसरू७७

कधी जावं? मे महिन्यात ब्लूबेल असतात ना रानात?

ढगोबा

ओहो. कोण विचारतंय बघा.

चालत_राहा

एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला पंधरवडा ब्लूबेलसाठी. वाटेवरूनच बघा, तुडवल्या की ती जागा पुढची काही वर्षं फुलत नाही. त्याच सुमाराला शेतांत मोहरीच्या भावंडाचा पिवळाधमक रंग असतो, त्याचा वास सगळ्यांना मानवत नाही, ॲलर्जीवाल्यांनी गोळी घेऊन जा. ऑगस्टअखेर टोपाथच्या कुंपणांना ब्लॅकबेरी. नोव्हेंबर ते मार्च चिखल, आणि तो खडूमिश्रित पांढरट चिखल बुटांना असा चिकटतो की आगगाडीत लोक आपल्या पायांकडे बघतात.

वाफेचा दिवस आणि ब्लूबेल एकत्र जुळवायचे असतील तर मेमधल्या सुट्टीच्या सोमवारच्या आसपासच्या तारखा पंपघराच्या साइटवर बघा. पवनचक्की हंगामात रविवारी दुपारी आतून दाखवतात, तीही तारीख ताडून घ्या. दोन्ही एकाच दिवशी उघड्या मिळाल्या तर पहिली गाडी पकडा, नाहीतर एक तरी हुकेल.

खायला विल्टनमध्ये स्वान आणि बेडविनमध्ये थ्री टन्स असे पब आहेत, पण रविवारी आगाऊ जागा न सांगता गेलात तर उपाशी राहाल. डबा न्या. तळ्याकाठी बसायला जागा आहे. हंसांना पोळी घालू नका, ते मागायला येतातच आणि मग जात नाहीत.

सांजवेळ

तर मग मेमध्ये कट्टा करायचा का? मी दशम्या आणते. वाटसरू, तुम्ही लसणाची चटणी.

वाटसरू७७

आणतो. पण मी क्रॉफ्टनहून पुढे ब्रूस टनेलपर्यंत जाऊन मग तुम्हाला विल्टनला गाठणार. सपाट तर सपाट, निदान अंतर तरी होऊ दे.

मृण्मयी_स

आम्ही दोन्ही मुलांसकट क्रॉफ्टनला भेटू. काका, तुम्ही त्या सुमाराला ब्रिस्टॉलला असाल का? मुलीला लॉकचं दार तुम्ही समजावून सांगा, मला ते समपातळीचं अजून नीट कळलेलं नाही.

नीरेकाठचा

एप्रिलअखेर येतोय. मुलाला गाडी काढायला लावतो. दार मी ढकलून बघणार, समजावणं नंतर.

बिनपाण्याचा_मासा

मी येतोय. वाफेच्या दिवसाची तारीख कोणी नक्की केली का? केली असेल तर इथेच टाका, तिकिटं स्वस्तात मिळतील तोवर काढून ठेवतो.